किल्ली आणि सोबत

आमच्या लहानपणी वसईच्या पट्ट्यात 'ठाणे' हा शब्द गावाचे नाव म्हणून फार थोड्या वेळा कानी येई. एखाद्या पोराने वेडेवाकडे चाळे केले, की ओट्यावर बसलेली आजी म्हणे, "ह्याला आता ठाण्याला धाडायला हवं." १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय उभे राहिले आणि आमच्या बोलीत त्या शहराचे नावच एका उंच भिंतीचे नाव होऊन बसले. पुण्याकडे तोच मान येरवड्याला मिळाला. हसण्यावारी नेलेल्या या शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, आणि तिच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. ठाण्याला माणूस धाडायचा असतो; तेथून तो परत आणायचाही असतो, असे कोणी कधी बोलत नसे.

ज्याला परत आणायचे आम्ही ठरविले, अशा एकाची ही हकिगत आहे.

नात्याने ते आमचे लांबचे मामा. गोरेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. तिशी गाठण्याआधीच आजार जडला. आईच्या अंगात बळ होते तोवर तिने घरातल्या घरात निभावून नेले. पुढे डोळ्यांना पदर लावीत तिनेच त्यांना ठाण्यास पोहोचविले. तेथे चौदा वर्षे गेली. दरम्यान आई वारली, वाडीच्या जमिनीला इमारतवाल्यांचा भाव आला, भावांनी आपापले हिस्से विकले. मग डॉक्टरांचे पत्र आले, की रुग्णाची प्रकृती स्थिर आहे, त्यास घरी न्यावे. घर म्हणजे कोणते, एवढेच त्या पत्रात लिहिलेले नव्हते.

१९९८ साली धर्मग्रामातील एका मंडळाने वर्गणी काढली. आम्हीही त्या मंडळाचे सभासद होतो. बावखलाच्या कडेला एक कौलारू खोली बांधली. खाट, स्टोव्ह, दोन पातेली आणि भिंतीवर क्रूस. आशीर्वादाच्या दिवशी धर्मगुरूंनी पवित्र पाणी शिंपडले, आम्ही फोटो काढले आणि एका कागदावर मामांची सही घेतली. गोळ्या रोज घ्यायच्या, दारूला शिवायचे नाही, रविवारची मिस्सा चुकवायची नाही, रात्री कोणाला खोलीत घ्यायचे नाही. यांतील काहीही मोडल्यास खोली रिकामी करावी लागेल. मामांनी कागद न वाचता सही केली. आम्हांला त्यात त्यांचा विश्वास दिसला. ज्याला दुसरे छप्परच नाही तो कागद कशाला वाचील, हे सुचायला बरीच वर्षे जावी लागली.

पहिले पंधरा दिवस घरोघरचे डबे आले. भाकरी आली, माशाचे कालवण आले. मग भातकापणी लागली, मग नाताळ आला, आणि डबे विरळ होत गेले. गोळ्या संपल्या. त्या आणण्यासाठी घोडबंदरमार्गे एसटीने ठाण्याला जायचे, रांगेत उभे राहायचे, म्हणजे एका माणसाचा पुरा दिवस. तो दिवस कोणाचा, हे कागदावर कोठेच नव्हते. मामांनी काय काय करावे याची चार कलमे होती. आम्ही काय करावे याचे एकही नव्हते. पुढचे सांगायला नको. गुत्ता जवळ होता. एका रात्री आरडाओरडा झाला. शेजारच्या घरात दोन लहान मुले होती, त्यांच्या आईने तक्रार केली आणि ती खोटी नव्हती. बैठक बसली. हात वर करा म्हटल्यावर आम्हीही हात वर केला. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागले आणि मामांची वळकटी बाहेरच्या पायरीवर ठेवण्यात आली. काही रात्री ते नाक्यावरच्या क्रुसाच्या ओट्यावर झोपले. नंतर पोलिसांनी त्यांना न्यायाधीशांपुढे उभे केले आणि तेथून ते पुन्हा ठाण्याला गेले.

आम्ही चुकलो का, आणि चुकलो असू तर नेमके कोठे? मंडळात दोन मते होती. कोणी म्हणे, आम्ही ढिले पडलो. रोज हजेरी घ्यायला हवी होती, गोळी समोर उभे राहून द्यायला हवी होती. कोणी म्हणे, आम्ही फार कठोर झालो. एवढ्याशा कारणावरून आजारी माणसाला रस्त्यावर काढायचे नव्हते. आम्हांला दोन्ही मते पटत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी कशी, हे मात्र उमगत नसे. त्याची उकल आळीत बसून झाली नाही. ती पुढे वाचनातून, अमेरिकेच्या अनुभवावरून झाली, कारण त्या देशाने आमच्या या दोन्ही चुका लाखोंच्या संख्येने केल्या आणि त्यांचा हिशेबही ठेवला.

१९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. नवी औषधे आली, भिंतींआडची दुर्दशा वृत्तपत्रांतून बाहेर आली आणि रुग्णांना समाजात परत आणावे असा विचार बळावला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यासाठीच्या कायद्यावर सही केली. गावोगावी मनोस्वास्थ्य केंद्रे निघायची होती. तीन आठवड्यांनी केनेडींचा खून झाला. पुढे रुग्णालये रिकामी होत गेली, १९८०पर्यंत तेथील संख्या दीड लाखाच्याही खाली उतरली, परंतु योजलेल्या दीड हजार केंद्रांपैकी जेमतेम निम्मी उभी राहिली. माणसाला दाराबाहेर आणून सोडायचे आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचे, असा तो प्रकार झाला. कित्येकांचा शेवट पदपथावर, स्वस्त भाड्याच्या कोंदट खोल्यांत, नाहीतर तुरुंगात झाला.

केनेडींच्या घरातलीच एक गोष्ट येथे आठवते. त्यांची धाकटी बहीण रोझमेरी जन्मापासून मंदगती. १९४१ साली वडिलांच्या संमतीने तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि होते तेवढेही तिने गमावले. १९४९पासून ती विस्कॉन्सिन राज्यात, धर्मभगिनींच्या एका संस्थेच्या आवारात राहिली. तेथे तिच्यासाठी स्वतंत्र घरकुल होते आणि सोबतीला धर्मभगिनी होत्या. २००५ साली ती वारली. या कुटुंबाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही; त्यांनी पुष्कळ सोसले. पण पाहा, आपल्या माणसासाठी जेव्हा कोणी मनापासून विचार करतो, तेव्हा त्याला घर आणि सोबत या दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. एकीवर त्याचे समाधान होत नाही. लाखो इतरांच्या वाट्याला मात्र सुटकेचा कागद आला.

ही पहिली चूक. आमच्या डब्यांची आणि संपलेल्या गोळ्यांची चूक हीच, फक्त लहान मापात.

दुसरी चूक या चुकीवरच्या उपायातून जन्मली. रस्त्यावरच्या माणसांसाठी ठिकठिकाणी निवारे निघाले आणि त्यांची शिडी तयार झाली. आधी रात्रीचा निवारा, तेथे नीट वागलात तर सामुदायिक खोली, दारू सोडलीत तर पुढची पायरी, औषधे नियमित घेतलीत तर शेवटी घर. शिडी दिसायला तर्कशुद्ध होती. हातून कोठे चूक झाली की माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे पुन्हा पदपथावर येई. घर हे बरे होण्याचे बक्षीस ठरले. ज्याला रात्री डोळा लागत नाही, ज्याच्या उशाखालची चप्पलसुद्धा चोरीला जाते, त्याने आधी मन स्थिर करून दाखवायचे आणि मग छप्पर मिळवायचे! आमचा तो चार कलमांचा कागद म्हणजे हीच शिडी होती.

न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्णांमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ साली ही शिडी उलटी करून पाहिली. त्यांच्या 'पाथवेज टू हाउसिंग' या संस्थेने रस्त्यावरच्या माणसाला थेट विचारले, तुला काय हवे? बहुतेक जण म्हणत, घर. मग सर्वसाधारण इमारतीतले घर भाड्याने घेऊन किल्ली त्याच्या हाती दिली जाई. दारू सोडण्याची अट नाही, गोळ्यांची अट नाही. दोनच गोष्टी मागितल्या जात: आपल्या उत्पन्नातील तीस टक्के भाड्यापोटी द्यायचे, आणि आठवड्यातून एकदा भेटीला येणाऱ्या माणसाला दार उघडायचे. डॉक्टर, परिचारिका, काम मिळवून देणारा कार्यकर्ता, असा एक गट मागे उभा असे. तो घरी येई. "आज नको" म्हटले तर परत जाई आणि पुन्हा येई. २००० साली पाच वर्षांच्या अनुभवाचा अहवाल प्रसिद्ध झाला. अशा भाडेकरूंपैकी ८८ टक्के घरात टिकले होते. शिडीच्या पद्धतीत टिकणारे ४७ टक्के. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांवर हीच कल्पना काटेकोर तुलनेने तपासली, तेव्हाही घर टिकण्याच्या बाबतीत तिचेच पारडे जड ठरले.

हे आकडे वाचून आमच्या मनाला प्रथम जो झोंबला तो तीस टक्क्यांचा नियम. मामांकडून आम्ही भाडे घेत नव्हतो आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. पण जो भाडे देतो तो बिऱ्हाडकरू असतो. नळ गळला, कौल फुटले, तर तो मालकाच्या दारात जाऊन भांडू शकतो. फुकट राहणाऱ्याने काय बोलावे? आमची खोली पहिल्याच पावसात गळत होती, हे आम्हांला मामा तेथे राहत असताना कधी कळलेच नाही.

येथे प्रामाणिक वाचकाच्या मनात शंका येईल, आणि ती यायलाच हवी. अटीच नाहीत, तर जबाबदारी कोठे राहिली? शेजारच्या त्या आईने काय करावे? ज्यांनी घाम गाळून घर बांधले, दारूला शिवले नाही, त्यांनी या फुकटच्या करुणेकडे कसे पाहावे? या शंकेला केवळ 'दया' म्हणून उत्तर देता येत नाही. आम्हांला सुचलेले उत्तर असे आहे. अटी दोन प्रकारच्या असतात. काही अटी प्रत्येक बिऱ्हाडकरूला लागू असतात: भाडे द्यावे, शेजाऱ्याची झोप मोडू नये, घर मोडू नये. त्या मामांनाही लागू हव्यात, आणि त्या मोडल्या तर शेजाऱ्याला दाद मागता यायला हवी. दुसऱ्या अटी आहेत त्या केवळ रुग्णाला, केवळ गरिबाला घातलेल्या: गोळी घेतली का, मिस्सेला आला का, रात्री खोलीत कोण होते? आमच्या आळीत रविवारी मिस्सा चुकविणारे आणि नाताळात दारू चढविणारे घरमालक आहेत. त्यांच्या दाराला कुलूप लावण्याचा ठराव अजून कोणी मांडलेला नाही.

गोळी महत्त्वाची नाही असे आम्ही म्हणत नाही. ती नसल्यामुळे काय झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. परंतु गोळी न घेण्याची शिक्षा घर जाणे ही असेल, तर उपचार करणारा आणि घर देणारा हे एकाच मुठीत येतात. मग रुग्ण डॉक्टरला खरे सांगत नाही. गोळीने हात थरथरतात, रात्री पुन्हा आवाज ऐकू आले, असे तो कोणाजवळ बोलणार? बोलले की खोली जायची. आई मुलाला पुष्कळ अटी घालते. पण अट मोडली म्हणून मूल त्या रात्री ओट्यावर झोपत नाही, आणि म्हणूनच ते सकाळी आईजवळ कबुली देऊ शकते.

घर आणि मदत एकत्र हवीत, पण एका मुठीत नकोत, हा विचार अमेरिकेत पुढे कायद्यात आला. त्याची सुरुवात दोन स्त्रियांच्या फिर्यादीने झाली. लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या जॉर्जिया राज्यातल्या सरकारी रुग्णालयात होत्या. दोघींचे पालन समाजात राहून होऊ शकेल, असे त्यांच्यावर उपचार करणारेच म्हणत होते. तरी दोघी आतच राहिल्या. लोइस वकिलाला फोन करून विचारी, मला येथून कधी बाहेर काढणार? १९९५ साली दावा दाखल झाला आणि २२ जून १९९९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे म्हणणे असे होते, की समाजात राहू शकणाऱ्या माणसाला विनाकारण संस्थेत कोंडणे हा भेदभाव आहे. अशा कोंडण्याने ही माणसे समाजात राहण्यास लायकच नाहीत असा समज पक्का होतो, आणि नातीगोती, काम, शिक्षण, करमणूक या रोजच्या जगण्याच्या गोष्टी हिरावल्या जातात. इलेन पुढे थोडीच वर्षे जगली. लोइस चित्रकार झाली. २०११ साली तिने राष्ट्राध्यक्ष ओबामांना त्यांच्या कचेरीत आपले चित्र भेट दिले. २०२२मध्ये ती वारली, स्वतःच्या घरातली बाई म्हणून.

हक्क मिळाला, परंतु न्यायालयाच्या निकालात भाडे भरण्याची सोय नसते. आरोग्य खात्याजवळ परिचारिका होत्या, घरे नव्हती. गृहनिर्माण खात्याजवळ घरे होती, पण कोणाला कसली मदत लागेल याची जाण नव्हती. दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवीत. सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. जानेवारी २०११मध्ये तेथील अपंगांच्या गृहनिर्माणाच्या जुन्या कायद्यात बदल झाला आणि राज्याच्या गृहनिर्माण संस्थेने व आरोग्य खात्याने आपसात लेखी करार केल्यावरच भाड्याचे अनुदान मिळेल, अशी योजना सुरू झाली. तिच्यातील दोन नियम आम्हांला फार शहाणपणाचे वाटतात. एका इमारतीतील पंचवीस टक्क्यांहून अधिक घरे अशा माणसांसाठी राखायची नाहीत. म्हणजे इमारतीलाच 'ठाणे' हे नाव पडत नाही. आणि मदत स्वीकारणे ऐच्छिक. ती नाकारली म्हणून घर जात नाही. मदत देण्याचे बंधन खात्यावर, घेण्याचे बंधन रहिवाशावर नाही. आमचा कागद नेमका याच्या उलट होता.

हा वाद तेथे मिटलेला आहे असे मात्र नाही. जुलै २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात, उपचाराची अट न घालता आधी घर देण्याच्या धोरणाचा सरकारी पाठिंबा काढून घेण्यास सांगितले आहे. अटी असाव्यात असे वाटणारी माणसे दुष्ट असतात असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्या बैठकीत आम्ही हात वर केला होता, तेव्हा आम्ही दुष्ट नव्हतो. दमलेले होतो, घाबरलेले होतो, आणि आपले दान वाया गेल्याचा राग आलेला होता.

ही सारी आधुनिक राज्यव्यवस्थेची कल्पना आहे असे वाटेल. पण आमच्या ख्रिस्ती परंपरेत तिचे एक फार जुने रूप आहे. बेल्जियममधील खेल या गावात संत दिम्फना हिचे मंदिर आहे. आख्यायिकेनुसार ती सातव्या शतकातील आयरिश राजकन्या. वेडावलेल्या बापाच्या हातून या गावात तिचा वध झाला आणि मनोरुग्ण तिचा धावा करू लागले. मध्ययुगात दुरून आणलेले रुग्ण मंदिराला लागून असलेल्या खोलीत राहून नऊ दिवसांची प्रार्थना करीत. खोली भरून जाई, मग गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घेत. नवस संपे, नातेवाईक निघून जात, आणि रुग्ण तेथेच राही: शेतावर, गोठ्यात, चुलीजवळ. शेकडो वर्षे हे असे चालले. १८५०च्या सुमारास सरकारने व्यवस्था हाती घेतली, १८६२ साली एक लहान रुग्णालयही बांधले, पण माणसे राहिली कुटुंबांतच. १९३८च्या आसपास तेथे ३,७००हून अधिक असे पाहुणे होते. गावात त्यांना 'रुग्ण' म्हणत नाहीत. आपण 'बिऱ्हाडकरू' म्हणू, तशा अर्थाचा शब्द आहे. आजाराचे नाव काय, हे सांभाळणाऱ्या कुटुंबाला सहसा सांगतही नाहीत. त्याला मोठ्या गर्दीची भीती वाटते, घोड्यांची माया आहे, एवढे कळले की पुरे. आईबापांनंतर मुलगी, तिच्यानंतर तिचा मुलगा, असा एकच पाहुणा पिढ्यांकडून सांभाळला गेल्याची उदाहरणे तेथे आहेत.

खेलची महती गाताना एक गोष्ट वगळली जाते, आणि आमच्या मते मर्म तिच्यातच आहे. ते गाव नुसत्या चांगुलपणावर चाललेले नाही. कुटुंबाला सरकारकडून पैसे मिळतात. थोडे, पण मिळतात. परिचारिका घरी येते. आणि बिघडलेच, आरडाओरडा झालाच, तर रुग्णालय त्या माणसाला काही दिवस सांभाळते आणि त्याला पुन्हा त्याच घरी आणते. परत आणण्याची ही सवय आमच्या मंडळात असती, तर त्या आईची मुले चार दिवस शांत झोपली असती आणि मामांचे दार मामांचेच राहिले असते. २०२३ साली युनेस्कोने खेलच्या या प्रथेला जतन करण्याजोग्या उत्तम परंपरांच्या यादीत स्थान दिले. त्याच वेळी तेथील पाहुण्यांची संख्या मात्र दोनशेच्याही आत आली आहे. कुटुंबे लहान झाली, नवराबायको दोघेही कामावर जातात. आपल्याकडे काय वेगळे आहे?

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसावर आम्ही असंख्य प्रवचने ऐकली आहेत. एका पात्राविषयी त्यांत कधी ऐकले नाही: उतारशाळेचा मालक. शोमरोनी माणसाजवळ तेल होते, द्राक्षारस होता, जनावर होते; त्या वाटेवर त्याचे घर नव्हते. उतारशाळावाल्याजवळ खोली होती. एकट्या तेलाने जखमी माणूस त्या रात्री वाचला नसता, आणि एकट्या खोलीनेही नाही. शोमरोनी माणूस दोन दिनार मोजतो, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगतो आणि आपल्या कामाला जातो. तो जखमी माणसाकडून काहीही लिहून घेत नाही. जे काही बांधून घेतो ते स्वतःला. आणि तो परत येणार असतो. आम्ही दोन दिनार दिले होते. परत यायचे तेवढे विसरलो.

आपल्या देशातही आता कायदा मागे राहिलेला नाही. अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे १९वे कलम समाजात राहण्याचा आणि कोणासोबत राहायचे ते ठरविण्याचा हक्क सांगते. भारताने तो करार २००७ साली मान्य केला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, योगायोगाने १९व्याच कलमात, स्पष्ट म्हटले आहे, की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी चेन्नईत 'द बॅनियन' ही संस्था काढली. तिने २०१५च्या सुमारास 'होम अगेन' हा उपक्रम सुरू केला. वर्षानुवर्षे संस्थेत राहिलेल्या चारपाच जणी नेहमीच्या वस्तीत भाड्याचे घर घेऊन एकत्र बिऱ्हाड करतात आणि त्यांना हवी तेवढी सोबत करायला एक मदतनीस असते. भाजीवर भांडतात, सण करतात, शेजारी हळदीकुंकवाला बोलावतात. हे काम आता महाराष्ट्रापर्यंत आलेले आहे. कलम आहे, नमुना आहे. घरे आणि माणसे मात्र फार थोडी आहेत.

मार्कच्या शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणाऱ्या, साखळ्या तोडणाऱ्या एका माणसाची गोष्ट आहे. बरा झाल्यावर तो येशूबरोबर मचव्यात चढू पाहतो. येशू त्याला घरी, आपल्या माणसांकडे जायला सांगतो. ज्यांनी त्याला साखळ्या घातल्या त्यांच्याकडेच! पूर्वी आम्हांला हा आदेश त्या माणसाला दिलेला वाटे. आता वाटते, त्यातला अवघड अर्धा भाग गावाच्या वाट्याचा होता. त्या संध्याकाळी कोणाचे दार उघडले, हे शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही.

मामा २००६ साली ठाण्यालाच वारले. त्याआधी एकदा आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. ओळखतील की नाही, रागावतील की काय, अशी धाकधूक होती. त्यांनी ओळखले. आईची, वाडीची चौकशी केली नाही. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "खाटेच्या वरचं कौल अजून गळतं का रे?" आम्ही म्हणालो, "नाही मामा, बदललं." ते खोटे होते. परत आल्यावर आम्ही ते बदलले.

बावखलाकडेची ती खोली इतकी वर्षे सणाच्या खुर्च्या ठेवायला वापरली जात होती. गेल्या पावसाळ्यानंतर धर्मग्रामातील एक कुटुंब भेटायला आले. त्यांची बहीण बरी होऊन बाहेर पडू शकते, पण तिला भावजयीकडे राहायचे नाही. तिला स्वतःची खोली हवी आहे आणि ती शिवणकामातून थोडे भाडे देऊ शकेल. मंडळाची बैठक झाली. नव्या कागदावर तिच्या सहीची जागा एका भाडेकरूची आहे, आणि खाली आमच्या सह्यांच्या सात ओळी आहेत, आठवड्याच्या प्रत्येक दिवसाची एक. त्या दिवशी त्या माणसाने दार वाजवायचे, हवे असेल ते विचारायचे, नको म्हटले तर परत यायचे. महिन्यातून एकदा औषधासाठी ठाण्याची फेरी कोणाची, तेही लिहिलेले आहे. शेजारच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. ती दोन मुले आता मोठी झाली आहेत. त्यांच्या आईने गुरुवार घेतला. सहा दिवस भरले आहेत. मंगळवारच्या ओळीवर अजून कोणाची सही नाही.